तळघरातला लोकरीचा समुद्र

माझी मुलगी जहाजावर नोकरी करते, असं सांगितलं की आमच्या नात्यातली माणसं अजूनही आधी हसतात आणि मग विचारतात, "म्हणजे नक्की काय करते?" आम्ही मूळचे वर्ध्याकडचे. माझ्या आणि तिच्या बाबांच्या घरात समुद्र पाहिलेलं कुणीच नव्हतं. मी तो पहिल्यांदा पाहिला सरकारी नोकरी लागल्यावर, एलटीसी, म्हणजे सरकारी प्रवास सवलत, घेऊन आम्ही पुरीला गेलो तेव्हा. मुलगी बालवाडीत होती. ती लाटांकडे धावत सुटली आणि मी तिच्या फ्रॉकचा मागचा पट्टा जो धरला तो संध्याकाळपर्यंत सोडला नाही. त्या सहलीच्या बहुतेक फोटोंत माझा एक हात तिच्या पाठीमागे आहे.

पुढे ती वाढली दिल्लीत, लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये. इथे पाणी म्हणजे सकाळी नळाला येतं तेवढंच. म्हणून बारावीनंतर तिने मर्चंट नेव्हीचं नाव काढलं तेव्हा मला वाटलं, मैत्रिणीचं ऐकून बोलते आहे, विसरेल. ती विसरली नाही. प्रवेश परीक्षा दिली, पास झाली, ट्रेनिंग संपवून एका मोठ्या मालवाहू जहाजावर कॅडेट म्हणून रुजू झाली. जहाजावर ती एकटीच मुलगी होती. तिचे बाबा ऑफिसात पेढे वाटून आले. मी पण वाटले. पण त्या दिवसापासून वारा सुटला तरी मी खिडक्या लावून घ्यायचे, आणि दिल्लीतल्या वाऱ्याचा तिच्या जहाजाशी काही संबंध नाही हे कळत असूनही उघडायचे नाही.

मी सांगते आहे ती गोष्ट जानेवारीतली. धुकं इतकं होतं की गॅलरीतून समोरची इमारत दिसत नव्हती. तिचा फोन आला.

"आई, उद्यापासून काही दिवस माझा फोन लागणार नाही. मेसेज पण नाही येणार."

"का गं?"

"रूट तसा आहे. जहाज कुठे आहे ते बाहेर कळू नये म्हणून ट्रॅकर बंद ठेवतात. नेट पण बंद करणार आहेत. नॉर्मल आहे, सगळेच करतात."

"कुणाला कळू नये?"

"आई, तू न्यूज बघत जाऊ नकोस ना यार."

एवढ्यानेच मला कळलं. त्या दिवसांत तिच्या वाटेवरच्या समुद्रातून जाणाऱ्या जहाजांवर ड्रोन येऊन आदळत होते. आमच्या ऑफिसच्या लंच रूममधल्या टीव्हीवर जळणारी जहाजं दाखवायचे आणि आमची माणसं डबा खाता खाता तेल महागणार का यावर चर्चा करायची. तोवर मी त्या चर्चेत मान हलवत बसलेली असायचे.

माझ्या फोनमध्ये जहाजं दाखवणारं एक ॲप होतं. तिनेच टाकून दिलं होतं. नकाशावर तिचं जहाज एका छोट्याशा हिरव्या बाणासारखं दिसायचं आणि मी सकाळी उठल्यावर दात घासायच्या आधी तो बाण बघायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी तो बाण नव्हता. त्या जागी नुसतं निळं होतं. मी बोटांनी नकाशा मोठा केला, आणखी मोठा केला. मोठं केलं की निळं आणखी निळं व्हायचं, बाकी काही नाही.

आमच्या समोरच्या क्वार्टरमध्ये एक बंगाली बाई राहतात. शाळेत शिकवून निवृत्त झाल्या आहेत, माझ्यापेक्षा मोठ्या, म्हणून मी त्यांना दीदी म्हणते. दिवाळीनंतर त्या एक कागद घेऊन आल्या होत्या. शहरातलं एक म्युझियम लोकरीने विणलेल्या समुद्राचं प्रदर्शन भरवणार होतं. प्रवाळ, मासे, शिंपले, सगळं क्रोशाचं, आणि ते विणायला दिल्लीभरच्या बायकांना बोलावलं होतं. दीदींनी माझा क्रोशाचा टेबलक्लॉथ पाहिलेला होता. मला सुई धरायला माझ्या आईने शिकवलं. साखळी, मुका खांब, खांब, एवढ्या तीन टाक्यांवर आमच्या घरातली सगळी तोरणं आणि रुमाल झाले. प्रवाळ विणायला त्यापेक्षा वेगळं काही लागत नव्हतं. फक्त एकेका टाक्यात दोन-दोन, तीन-तीन खांब घालत जायचं. टाके वाढत गेले की कडेला जागा उरत नाही आणि वीण आपोआप मुडपून तिच्या चुण्या होतात. पहिला तुकडा झाला तेव्हा मी त्याचा फोटो मुलीला पाठवला होता. "सेम टू सेम," असं तिचं उत्तर आलं होतं.

बाण नाहीसा झाल्यावर मी पुन्हा सुई हातात घेतली. ऑफिसातून आले की कोट न काढता बसायचे. रंग बघायचे नाही, हाताला येईल ती लोकर. विणताना मोजावं लागतं आणि मोजताना दुसरं काही डोक्यात येत नाही, एवढ्यासाठी. पण सवयीच्या हाताला मोजावंही लागत नाही. मग मधेच लक्षात यायचं की वीण हातभर लांब झाली आहे आणि आपण इतका वेळ पाण्यात पडलेल्या माणसाला किती वेळ तरंगता येत असेल याचा विचार करत होतो. दीदी ते सगळं पिशवीत घालून घेऊन जायच्या. म्हणायच्या, "बहुत सुंदर है." मला वाटतं, त्या माझ्याकडे बघून म्हणायच्या, विणकामाकडे बघून नाही.

तिचे बाबा माझ्यासमोर घाबरत नव्हते. ते फिरायला जायचे. सकाळी जायचे, ऑफिसातून आल्यावर पुन्हा जायचे, त्या विषारी धुक्यात, मफलर गुंडाळून. मी म्हटलं, "अहो, छाती भरेल." ते म्हणाले, "घरात जास्त भरते."

मग शुक्रवारी लंच रूमच्या टीव्हीवर बातमी आली. एका मालवाहू जहाजाला ड्रोन लागला होता. नाव सांगत नव्हते. जहाजावर भारतीय कर्मचारी आहेत, एवढंच. माझ्या हातात पोळीचा तुकडा होता, तो मी डब्यात परत ठेवला, झाकण लावलं आणि जिन्यात येऊन तिच्या बाबांना फोन केला. त्यांनाही कळलं होतं. त्यांनी आधीच कंपनीला फोन लावला होता.

"काय म्हणाले?"

"माहिती घेतोय म्हणतात. कळली की फोन करतो म्हणाले."

"म्हणजे तिचं नाही, असं म्हणाले का?"

"तसं नाही म्हणाले."

"मग तिचंच आहे, असं म्हणाले का?"

"तसंही नाही म्हणाले. तू घरी ये."

त्या दिवशी आम्ही जेवलो की नाही, मला आठवत नाही. टीव्ही लावायचा आणि बंद करायचा. माझ्या आईचा गावाहून फोन आला आणि मी तिला सांगितलं, सगळं ठीक आहे, नात कामात आहे. माझा आवाज इतका नेहमीसारखा निघाला की मला स्वतःचीच भीती वाटली.

दुसरा दिवस शनिवार. प्रदर्शन त्याच दिवशी उघडणार होतं आणि दीदींनी फार पूर्वीच माझ्याकडून येण्याचा शब्द घेतला होता. सकाळी त्या दारात आल्या. मी सगळं सांगितलं आणि म्हटलं, मी नाही येत. त्यांनी काही आग्रह केला नाही. आतून तिचे बाबाच म्हणाले, "चल. इथे बसून फोनकडेच बघणार, तिथेही फोनकडेच बघू. मी पण येतो."

आम्ही तिघं रिक्षाने गेलो. म्युझियमच्या फाटकाजवळ हिरवळ होती, चहाची टपरी होती. तिचे बाबा म्हणाले, "मी इथेच थांबतो. आत रेंज येईल न येईल. तू जाऊन ये." मी हो म्हटलं. आत रेंज नसेल तर माझाही फोन लागणार नाही, हे त्यांच्या बोलण्यातच होतं, पण माझं डोकं त्या दिवशी ऐकलेल्या गोष्टी जोडत नव्हतं.

प्रदर्शन तळघरात होतं. पायऱ्या उतरल्यावर जाड काळा पडदा, आणि पडद्याच्या आत निळा अंधार. डोळे सरावले तसं दिसायला लागलं. भिंतीपासून भिंतीपर्यंत प्रवाळ. लाल, केशरी, हळदीसारखा पिवळा, एकावर एक चढलेला. मधून मधून मासे, तारामासे, जांभळे समुद्री काटेरी गोळे. ही सगळी लोकर आहे, कुणाच्या तरी गॅलरीत उन्हात बसून विणलेली आहे, हे माहीत असूनही विसरायला होत होतं. एका शाळेची मुलं आली होती. त्यांच्या बाई म्हणत होत्या, "हाथ नहीं लगाना, सिर्फ़ देखना." दीदींनी मला माझा तुकडा शोधून दाखवला. मला तो ओळखू आला नाही.

पुढच्या दालनात रंग नव्हते. तिथला प्रवाळ पांढरा होता. पाणी तापलं की प्रवाळ असा मरतो, असं पाटीवर लिहिलं होतं. त्या पांढऱ्या ढिगात कुणी मच्छीमारांच्या खऱ्या जाळ्याचे तुकडे गुंतवले होते, प्लॅस्टिकच्या बाटल्या, एक रबरी चप्पल. चपलेकडे बघून माझे पाय थांबले. चप्पल कुणाची तरी असते. मी दीदींचा हात धरला.

"चलें वापस?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, पुढूनच बाहेरचा रस्ता असेल.

शेवटचं दालन खोल समुद्राचं होतं. तिथे जवळजवळ काळोख होता. छतापासून जेलीफिश टांगलेले, छत्रीसारखे, त्यांचे लोकरीचे लांब धागे जमिनीपर्यंत आलेले, आणि माणसांनी त्यांच्यामधून वाट काढत जायचं. कुठूनतरी आवाज येत होता, एक खालच्या पट्टीतली घरघर. ती हळूहळू वाढत होती. शाळेच्या बाई मुलांना पाटी वाचून दाखवत होत्या, की वरून जहाज जातं तेव्हा पाण्याखालच्या प्राण्यांना ते असं ऐकू येतं. मी मान वर केली. छताला फक्त अंधार होता. घरघर डोक्यावर आली, छातीत भरली, आणि एकदम थांबली.

रेकॉर्डिंग होतं. संपलं, परत सुरू होणार होतं. पण मी त्या शांततेत उभी राहिले आणि मला वाटलं, इंजिन बंद पडलं. ते पुन्हा सुरू व्हायची मी वाट बघत होते आणि ते होत नव्हतं. मी फोन काढला. वरच्या कोपऱ्यात एकही रेघ नव्हती.

किती वेळ झाला असेल इथे येऊन? मला सांगता येईना. मी वळले आणि आले त्या बाजूला धावले, निदान मला ती बाजू वाटली. ती नव्हती. धागे तोंडावर यायला लागले. हाताने बाजूला केले की दुसरे यायचे. माझ्या शालीला सेफ्टी पिन होती, तिच्यात काहीतरी अडकलं. मी ओढलं. वरून तो आख्खा जेलीफिश सुटून माझ्या डोक्यावर आणि खांद्यांवर पडला.

लोकरीला वजन ते काय असणार? पण डोळ्यांवर अंधार आला, नाकातोंडात ओलसर गोदामासारखा वास आला, आणि मी ओरडले. मुलं घाबरून किंचाळली. कुणीतरी "लाइट, लाइट" म्हणत होतं. मी ते अंगावरून काढायला जात होते आणि जितकं ओढत होते तितकी गुंतत होते. मला श्वास घेता येत नव्हता. तिला पण असंच झालं असेल, एवढंच मला कळत होतं. तिला पण असंच, आणि तिथे कुणी लाइट लावणार नाही.

दीदींचे हात आले. "हिलो मत," त्या म्हणाल्या, शाळेतल्या बाईच्या आवाजात. "बिल्कुल मत हिलो. पहले साँस लो." त्यांनी चाचपडून पिन उघडली, धागे सोडवले आणि ते सगळं माझ्या डोक्यावरून उचललं. दिवे लागले होते. एक छोटी मुलगी तिच्या बाईंच्या मागून माझ्याकडे बघत होती. मला तिला हसून दाखवायचं होतं, पण जमलं नाही.

मी जिना चढायला लागले. निम्म्यात आले आणि फोन हातात थरथरला. एकामागून एक. तिच्या बाबांचे मिस्ड कॉल, किती तरी. त्यांच्या आधी एक अनोळखी परदेशी नंबर. मी तिथेच पायरीवर बसले. बटण दाबलं की कळणार होतं, आणि दाबलं नाही तोवर काहीच झालेलं नव्हतं. मागून दीदी आल्या. त्यांनी फोनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या काखेत हात घालून मला उभं केलं.

बाहेर ऊन पडलं होतं. तिचे बाबा हिरवळीच्या पलीकडे पाठमोरे उभे होते. एक हात झाडाला टेकलेला, मान खाली, आणि खांदे हलत होते. मी त्यांना एकदाच रडताना पाहिलं होतं, त्यांचे वडील गेले तेव्हा, आणि तेव्हाही ते असेच पाठमोरे उभे होते. मी हाक मारली नाही. हाक मारायची हिंमत नव्हती. चालत गेले. त्या हिरवळीवर कुणी तरी बॅडमिंटन खेळत होतं आणि त्यांचं फूल माझ्या पायाशी येऊन पडलं, तर मी ते उचलून त्यांना दिलंसुद्धा.

तिचे बाबा वळले. तोंड पुसायचा प्रयत्न करत होते.

"अहो, बोला," मी म्हटलं. "काय असेल ते बोला."

"आहे," ते म्हणाले. "अगं, आहे. बोलली माझ्याशी. जिवंत आहे."

मग मी तिथेच हिरवळीवर बसले.

जहाज तिचंच होतं. ड्रोन पुढच्या बाजूला पडला, आग लागली, त्यांनी ती विझवली. एका खलाशाचे हात भाजले होते, बाकी सगळे धड होते. दुसरी जहाजं सोबतीला आली होती आणि त्यांना जवळच्या बंदरात नेत होती. सॅटेलाइट फोनवर प्रत्येकाला घरच्यांशी मिनिटभर बोलू दिलं.

"आधी तुझाच नंबर लावला तिने," तिचे बाबा म्हणाले. "लागला नाही म्हणून मला लावला."

त्यानंतर ती बंदरात पोहोचेपर्यंतचे दिवस आधीच्या दिवसांपेक्षा वाईट होते, हे कुणाला सांगून पटत नाही. एकदा ड्रोन लागला म्हणजे पुन्हाही लागू शकतो. मी फोन उशाशी नाही, हातात धरून झोपायचे. आंघोळीला जाताना तिच्या बाबांच्या हातात देऊन जायचे. बंदरातून तिचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा ती हसत होती आणि तिच्या एका भुवईचे केस जळाले होते.

फेब्रुवारीत ती घरी आली. पहिले काही दिवस नुसती झोपली, दिवा चालू ठेवून. लग्नांचे दिवस होते. एका संध्याकाळी आमच्या रस्त्यावरून वरात गेली आणि फटाक्यांची माळ लागली. मी स्वयंपाकघरात होते. बाहेर आले तर ती सोफ्याच्या आणि भिंतीच्या मधल्या फटीत बसलेली, डोक्यावर दोन्ही हात. मी पण खाली बसले. तिथे दोघींना पुरेल इतकी जागा नव्हती, तरी बसले. वरात लांब गेल्यावर ती बोलायला लागली.

"स्कूटरसारखा आवाज येतो, आई. मला वाटलं, इथे स्कूटर कुठून आली? माझी लुकआउट ड्यूटी होती. मी दुर्बिणीतून बघितलं तर एवढासा ठिपका. मी ओरडले, पण काय ओरडले ते आठवत नाही."

"खूप भीती वाटली?"

"तेव्हा नाही. तेव्हा आग विझवायला पाण्याचा होज धरायचा होता. आता वाटते." मग म्हणाली, "तुला?"

मी तिला तळघरातलं सगळं सांगितलं. जेलीफिश डोक्यावर पडल्याचं सांगताना मला वाटलं, ती हसेल. ती हसली नाही. तिने माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. तिच्या तळहाताला घट्टे पडले होते.

मला वाटत होतं, आता ती परत जाणार नाही. मी तसं विचारलं नाही, पण तिच्या बाबांकडे दोन-तीनदा म्हटलं, बँकेच्या परीक्षा आहेत, रेल्वेच्या आहेत. पावसाळ्याच्या सुरुवातीला तिने आम्हाला दोघांना समोर बसवून सांगितलं, की दुसऱ्या जहाजावर जायचं आहे. रूट वेगळा आहे, तो समुद्र नाही.

"आणि रूट बदलला तर?" मी विचारलं.

"बदलू शकतो," ती म्हणाली. खोटं बोलली नाही.

विमानतळावर आम्ही तिला सोडायला गेलो. फाटकाशी जवान तिकीट बघत होता आणि मागून लोक ट्रॉल्या ढकलत होते. तिने मला मिठी मारली आणि कानाशी म्हणाली, "आई, मी घाबरत घाबरतच जातेय. तू पण घाबर, पण जेवत जा. चालेल?"

"चालेल," मी म्हटलं.

ती आत गेली. काचेपलीकडे तिची पिवळी बॅग बराच वेळ दिसत होती, मग एका मोठ्या कुटुंबाच्या मागे गेली आणि दिसेनाशी झाली. तिचे बाबा म्हणाले, "निघायचं?" मी म्हटलं, "थांबा जरा." ते थांबले.